‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार

(बांधकाम मजुरांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



बांधकामावरील सुरक्षिततेचा विषय निघाला, की चर्चा हेल्मेटपासून सुरू होते आणि बहुधा हेल्मेटपाशीच संपते. हेल्मेट, कमरेचा पट्टा, बूट, जाळी ही साधने आवश्यक आहेत याबद्दल वाद नाही; ती मिळवण्यासाठीही मजुरांना झगडावे लागले आहे. परंतु आज मला ज्या साधनाविषयी बोलायचे आहे ते दुकानात मिळत नाही आणि कल्याणकारी मंडळ जो सुरक्षा संच वाटते त्यातही ते नसते. ते साधन म्हणजे माणसाचे बोलणे. एका मजुराने दुसऱ्याला दिलेली सूचना, खालच्याने वरच्याला दिलेली खबर, आणि वेळ येईल तेव्हा ‘हे काम थांबवा’ असे म्हणण्याची मोकळीक.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. बांधकामावर धोक्याची पहिली चाहूल बहुतेक वेळा प्रत्यक्ष काम करणाऱ्या मजुराला लागते. ती वर पोचत नाही, किंवा पोचूनही तिची दखल घेतली जात नाही. याचे कारण मजुराचे अज्ञान हे नसून कामाची आजची रचना हे आहे, आणि ती रचना बदलणे हे संघटनेचे काम आहे.

धोक्याची खबर कोणाजवळ असते?

कारखान्यात यंत्र जागच्या जागी असते. कामगार वर्षानुवर्षे त्याच यंत्रावर उभा राहतो आणि त्याच्या खोडी त्याला पाठ होतात. बांधकामात कामाची जागाच रोज बदलते. काल जेथे मोकळे आकाश होते तेथे आज फळ्या आहेत, उद्या तेथे काँक्रीट असेल. शिवाय हे काम एका टोळीचे नसते. सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे, काँक्रीट भरणारे, गवंडी, वायरमन, प्लंबर आणि या सर्वांच्या हाताखालचे बिगारी हे एकमेकांच्या कामावर पाय ठेवून काम करीत असतात. साहजिकच, एका टोळीचा जीव हा आधीच्या टोळीने काय सांगितले किंवा काय सांगितले नाही यावर अवलंबून राहतो.

साधे उदाहरण स्लॅबचे घ्या. काँक्रीट भरल्यानंतर त्याला स्वतःचे वजन पेलण्याइतके बळ येण्यास काळ जावा लागतो. ‘आयएस ४५६’ या भारतीय मानकानुसार, नेहमीच्या सिमेंटचे काम असेल आणि हवा फार थंड नसेल, तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. तुळईखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस काढता येत नाहीत. हा हिशेब इंजिनियरच्या पुस्तकात असतो. पण स्लॅब भरणारी टोळी एका पोटठेकेदाराची, ती भरून निघून जाते. टेकू काढणारी टोळी दुसऱ्याची, ती आठवड्याने येते. स्लॅब कोणत्या तारखेला भरला हे तिला कोणी सांगायचे? पुढच्या मजल्यासाठी फळ्या हव्या असतात, मुकादम घाई करीत असतो, आणि ‘भरून बरेच दिवस झाले’ एवढ्या शब्दांवर टेकू निघतात. येथे हेल्मेट उपयोगी पडत नाही. तुळईवर रंगाने ठळक लिहिलेली एक तारीख उपयोगी पडते.

दुसरे उदाहरण जमिनीतल्या भोकांचे. नळाच्या किंवा लिफ्टच्या पोकळीवर कोणीतरी प्लायवूडची फळी टाकून ठेवतो. त्याच्या दृष्टीने ते झाकण असते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोळीचा मजूर ती मोकळी पडलेली फळी समजून उचलतो, एक पाऊल पुढे टाकतो आणि खाली जातो. फळीवर एक लाल फुली मारलेली असती आणि तिचा अर्थ सर्वांना ठाऊक असता, तर ते पाऊल पडले नसते.

तिसरे उदाहरण पायाच्या खोदाईचे. चराच्या तळाशी असलेल्या माणसाला फक्त समोरची माती दिसते. काठाला समांतर जाणारी भेग वर उभ्या असलेल्या माणसाला दिसते. बहुधा ती पाटी किंवा घमेले उचलणाऱ्या स्त्रीला दिसते, कारण त्या काठावरून दिवसातून शंभर वेळा तीच ये-जा करते. पण बांधकामावर तिचे नाव पुष्कळदा हजेरीपटावर स्वतंत्रपणे नसते. नवरा-बायकोची मिळून एक ‘जोडी’ धरली जाते आणि मजुरी नवऱ्याच्या हातावर ठेवली जाते. जिची हजेरीच मांडली जात नाही, तिने दिलेला इशारा कोण मानणार?

क्वेबेकचा पूल

हे सारे लहान ठेकेदारांच्या कामावर होते, मोठ्या आणि शास्त्रशुद्ध कामावर होत नाही, असे कोणाला वाटेल. म्हणून एक जुने आणि पूर्ण चौकशी झालेले उदाहरण देतो.

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेकजवळ जगातला आपल्या प्रकारचा सर्वांत लांब गाळ्याचा पूल उभा राहत होता. त्याचे सल्लागार इंजिनियर थिओडोर कूपर हे त्या काळातले अत्यंत नामांकित गृहस्थ. प्रकृतीच्या कारणाने ते न्यूयॉर्कमध्ये बसून सल्ला देत असत. १९०७ च्या ऑगस्टमध्ये पुलाच्या खालच्या बाजूचे मोठे पोलादी भाग वाकत असल्याचे जागेवर दिसून आले. एका भागाचा बाक सुमारे पाऊण इंच होता, तो थोड्याच दिवसांत सव्वादोन इंचांवर गेला. हा बाक पूर्वीचाच की नवा, यावर पत्रे आणि तारा यांची देवाणघेवाण होत राहिली. अखेर जागेवरचा तरुण इंजिनियर स्वतः न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्टला दुपारी कूपर यांनी, पुलावर आणखी भार टाकू नये, अशी तार केली. परंतु ती तार गेली पेनसिल्व्हेनियात, पूल बांधणाऱ्या कंपनीच्या कचेरीत. क्वेबेकला पुलावर काम करणाऱ्यांना कोणीही काहीही कळवले नाही. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, दिवसाचे काम संपत आले असताना, पूल नदीत कोसळला. त्यावर ८६ माणसे होती, त्यांपैकी ७५ मेली. मृतांत कानावाके वस्तीचे तेहतीस मोहॉक आदिवासी लोखंडकाम करणारे होते. एका लहानशा वस्तीतले कर्ते पुरुष एका सायंकाळी नाहीसे झाले.

चौकशी आयोगाला आराखड्यातले दोष सापडले. पुलाचे खरे वजन हिशेबात धरलेल्या वजनापेक्षा जास्त होते. तो दोष मजुरांना उमगणे शक्य नव्हते. परंतु त्या दोषाने आपली खूण आधी दाखवली होती आणि ती पुलावर डोळ्यांना दिसत होती. निर्णय घेण्याचा अधिकार मात्र पुलापासून शेकडो मैलांवर होता. माहिती जेथे आहे तेथे अधिकार नाही, आणि अधिकार जेथे आहे तेथे माहिती उशिरा पोचते, ही क्वेबेकची शोकांतिका आहे. आपल्याकडच्या पाच मजली इमारतीवरही तीच रचना असते. फरक इतकाच, की तेथे तार तरी निघाली होती.

तीन भिंती

आपल्याकडे मजुराचा शब्द वर जाऊ न देणाऱ्या तीन भिंती आहेत.

पहिली भिंत भाषेची. मुंबई-पुण्याच्या एखाद्या मोठ्या कामावर मालदा-मुर्शिदाबादचे बंगालीभाषक गवंडी भेटतात, बिहार-झारखंडचे सळईवाले भेटतात. ज्या पालमूर मजुरांनी देशभरातली धरणे बांधली, त्या जुन्या महबूबनगर जिल्ह्यातले तेलुगुभाषक भेटतात. मराठवाड्यातले आणि उत्तर कर्नाटकातले लमाण आणि वडार कुटुंबकबिल्यासह येतात. त्यांच्या घरातली बोली वेगळी, बाजारातली वेगळी. सर्वांना ‘कामापुरती हिंदी’ येते असे मुकादम सांगतो. ते खरेही आहे, पण ‘विटा आण’, ‘माल लाव’ एवढ्यापुरते. ‘तिकडचा टेकू एका अंगाला कलतो आहे, मला तो बरा दिसत नाही’ हे सांगण्यासाठी जी भाषा लागते ती कामापुरती हिंदी नव्हे. शंका व्यक्त करण्याला आज्ञा पाळण्यापेक्षा अधिक शब्द लागतात. ज्याच्याजवळ ते नाहीत तो गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्याला आपण मूकसंमती समजतो.

येथे महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. धोक्याची पाटी बंगालीत किंवा तेलुगूत लावल्याने मराठीचा मान कमी होत नाही. परप्रांतीय मजुराला रस्त्यात अडवून दमदाटी करण्याचे जे राजकारण या राज्यात वेळोवेळी झाले, त्याचा परिणाम मजुरांच्या अड्ड्यापुरता राहत नाही. भेदरलेला माणूस परांचीवरही तोंड उघडत नाही, आणि परांची कोसळते तेव्हा तिच्यावरच्या मराठी मजुरालाही घेऊन कोसळते.

दुसरी भिंत ठेक्यांच्या साखळीची. विकासक, मुख्य ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम आणि मग मजूर. आज्ञा या साखळीतून खाली सुरळीत येते. तक्रार वर चढताना प्रत्येक कडीपाशी अडते, कारण प्रत्येक कडीला काम थांबल्यास स्वतःचा तोटा दिसतो. शेजारी काम करणाऱ्या दोन टोळ्यांचे मालक वेगवेगळे असतात. त्यांनी एकमेकांशी बोलावे अशी कोणाचीच जबाबदारी नसते. मोठ्या कंपन्यांच्या कामावर सकाळी मजुरांना रांगेत उभे करून सुरक्षिततेवर भाषण दिले जाते आणि वहीवर सह्या-अंगठे घेतले जातात. हे अजिबात नसण्यापेक्षा बरे. पण त्या दहा मिनिटांत एक माणूस बोलतो आणि शंभर माणसे ऐकतात. अपघात झाल्यावर तीच वही ‘आम्ही त्याला सांगितले होते’ याचा पुरावा म्हणून पुढे येते. मजुराने काय सांगितले होते याची वही कोठेच नसते.

तिसरी भिंत भीतीची, आणि ही सर्वांत उंच. मजुराने गाव सोडताना मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कामावर त्याला आठवड्याची खर्ची मिळते, उरलेला हिशेब महिना-दोन महिने थकलेला असतो. ज्याची दोन महिन्यांची मजुरी मुकादमाच्या खिशात आहे तो मुकादमाशी वाद घालीत नाही. काम उक्ते असेल, तर थांबण्याचा भुर्दंड स्वतः मजुरालाच पडतो. बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले. ती चालू इमारत होती, बांधकाम नव्हते. पण मजुरीचा आणि मौनाचा संबंध तेथे उघडा पडला. आदल्या दिवशी भिंतींना भेगा पडल्या होत्या. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने दुसऱ्या दिवशी बंद राहिली. शिवणकाम करणाऱ्या कामगारांना मात्र, महिन्याचा पगार बुडेल या धाकाने, आत जावे लागले. भेग सर्वांनाच दिसली होती. पगार ज्यांचा अडकला होता ते आत गेले.

महाराष्ट्रातील अनुभव

४ एप्रिल २०१३ रोजी ठाणे जिल्ह्यात शिळफाट्याजवळ बेकायदा उभी राहणारी इमारत कोसळून ७४ माणसे मेली. वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर मजुरांची कुटुंबे राहत होती. २९ जून २०१९ च्या पहाटेपूर्वी पुण्यात कोंढव्याला सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली. बिहारमधून आलेली १५ माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यात पुलाचे गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळून २० जण ठार झाले. ते निरनिराळ्या राज्यांतले मजूर आणि तंत्रज्ञ होते.

या तिन्ही अपघातांची तांत्रिक कारणे वेगवेगळी आहेत आणि ती सर्व संभाषणाच्या अभावाने घडली असे मी म्हणणार नाही. माझा प्रश्न निराळा आहे. झोपडी भिंतीच्या पायथ्याशी बांधायची की दूर, अर्धवट इमारतीत मुलेबाळे घेऊन झोपायचे की नाही, रात्रपाळीत अवजड यंत्राखाली किती माणसांनी उभे राहायचे, या प्रश्नांवर ज्यांचा जीव पणाला लागतो त्यांचे मत विचारण्याची काही व्यवस्था आपल्या बांधकामांवर आहे काय? उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडात सिलक्यारा येथील बोगदा खचून ४१ मजूर सतरा दिवस आत अडकले. साऱ्या देशाचे लक्ष लागले तेव्हा साठेक मीटर ढिगाऱ्यातून सहा इंची नळी घालून त्यांच्याशी बोलणे झाले, अन्न गेले, कॅमेरा गेला. शेवटचा ढिगारा हाताने खणून त्यांना बाहेर काढले तेही मजुरांनीच. संकट कोसळल्यानंतर मजुराचा आवाज ऐकण्यासाठी देश डोंगर फोडतो. संकटाच्या आदल्या दिवशी तोच आवाज मुकादमाच्या पुढे जात नाही.

कायदा काय म्हणतो?

दीर्घ चळवळीनंतर १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी केंद्रीय कायदा झाला. त्याच्या ३८ व्या कलमानुसार ५०० किंवा अधिक मजूर असलेल्या आस्थापनेत मालक आणि मजूर या दोघांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती बंधनकारक होती. कल्पना चांगली होती. पण तेच मजूर दहा पोटठेकेदारांच्या नावांवर विभागले, की प्रत्येकाकडे पन्नासच उरतात! २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक २०२० ची संहिता लागू झाली आहे. तिच्यात सुरक्षा समिती नेमायला लावणे हे सरकारच्या आदेशावर सोपवले आहे.

या संहितेच्या १४ व्या कलमाने कामगाराला सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा, आणि गंभीर धोका वाटल्यास तो मालकाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा अधिकार दिला आहे. हा अधिकार आपण वापरलाच पाहिजे. परंतु मालकाची खात्री पटली तर उपाय, न पटली तर निरीक्षकाचा निर्णय, अशी ही रीत आहे. आणि तो निर्णय होईपर्यंत मजुराने त्या जागेवरून बाजूला व्हावे काय, याबद्दल कलम मौन पाळते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा बांधकामातील सुरक्षिततेविषयीचा १९८८ चा १६७ क्रमांकाचा करार येथे स्पष्ट आहे. तातडीचा गंभीर धोका आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, तर मजुराला धोक्याच्या जागेवरून दूर होण्याचा हक्क असला पाहिजे, असे त्याचे १२ वे कलम सांगते. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही.

ब्रिटनमध्ये १९७८ पासून मान्यताप्राप्त कामगार संघटनांना सुरक्षा प्रतिनिधी नेमण्याचा कायदेशीर अधिकार आहे. ते कामाच्या जागेची नियमित तपासणी करू शकतात, अपघाताची चौकशी करू शकतात आणि या कामाच्या वेळेची मजुरी त्यांना मिळते. तेथले मालक उदार होते म्हणून हे घडले नाही. संघटित कामगारांच्या रेट्याने घडले.

‘मग काम पुरे कधी व्हायचे?’

कोणीही उठून काम थांबवू लागला तर इमारत कधी पुरी व्हायची, असा प्रश्न ठेकेदार हमखास विचारतो. त्याला त्याच्याच क्रेनकडे बोट दाखवा. क्रेनचालक उंचावर केबिनमध्ये असतो आणि पुष्कळदा त्याला खालचा बोजा दिसतही नाही. म्हणून सगळीकडे नियम असा, की उचल, उतरव, फिरव हे इशारे नेमलेल्या एकाच सिग्नलमनने द्यावेत. ‘थांब’ हा इशारा मात्र कोणीही द्यावा आणि चालकाने तो ताबडतोब पाळावा. बिगाऱ्याने दिला तरी पाळावा. या नियमाने क्रेनची कामे अडून राहिल्याचे कोणी ऐकले आहे काय? आपली मागणी एवढीच आहे, की जो नियम क्रेनला लागू आहे तो साऱ्या कामाला लागू करा. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकसाठी क्रीडानगरी उभारताना हजारो माणसे वर्षानुवर्षे काम करीत होती. ती कामे वेळेत झाली आणि त्यात एकाही मजुराचा जीव गेला नाही. रोजच्या कामाविषयी मजुरांशी बोलणे हा तेथल्या व्यवस्थेचा नित्याचा भाग होता.

आपण काय करावे?

हे सर्व कायद्यावर सोडून भागणार नाही. उद्यापासून करता येण्याजोगी पाच कामे आहेत.

एक, सकाळची दहा मिनिटे आपण मागून घ्यावीत आणि त्यात प्रत्येक टोळीने दोन गोष्टी सांगाव्यात: काल आम्ही काय अर्धवट सोडले आणि आज आम्ही काय उघडणार, काढणार किंवा उचलणार आहोत. बायकांनाही बोलते करावे. दोन, खुणांचा आग्रह धरावा. स्लॅबवर भरल्याची तारीख, पोकळीवरच्या झाकणावर लाल फुली, दुरुस्ती चालू असलेल्या विजेच्या बटणावर पाटी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळेल अशी खूण असावी. तीन, प्रत्येक टोळीने आपला सुरक्षा प्रतिनिधी स्वतः निवडावा, आणि समितीसाठी मजुरांची मोजणी ठेकेदारागणिक न करता संपूर्ण प्रकल्पाची एकत्र व्हावी ही मागणी लावून धरावी. चार, धोक्यामुळे काम थांबले तर त्या वेळेची मजुरी मिळेल आणि थांबवणाऱ्याला काढले जाणार नाही, हे करारात लिहून घ्यावे. थकलेली मजुरी दर आठवड्याला चुकती होणे हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे हे विसरू नये. पाच, थोडक्यात टळलेल्या अपघातांची वही संघटनेने ठेवावी. विटेचा तुकडा डोक्याजवळून गेला, टेकू घसरला पण कोणी खाली नव्हते, अशा गोष्टी मजूर संध्याकाळी चुलीपाशी एकमेकांना सांगतात आणि विसरून जातात. त्या लिहिल्या गेल्या, तर पुढचा अपघात कोठे होणार आहे हे आपल्याला मालकाआधी कळेल.

आपल्या चळवळीने गिरणीच्या दारावर सभा घेण्यात पिढ्या घालवल्या, आणि ते योग्यच होते. मजूर अड्ड्यावर आणि पत्र्याच्या वस्तीत मात्र आपण क्वचित गेलो. तेथे जाताना केवळ पत्रके घेऊन जाऊ नका. त्यांची भाषा बोलणारा एक साथी बरोबर घ्या आणि पहिल्या दिवशी फक्त ऐका. कोणता टेकू कलतो आहे आणि कोणत्या काठाला भेग गेली आहे हे त्या वस्तीत कोणाला तरी आजही ठाऊक आहे. त्या माणसाच्या मागे जेव्हा शंभर माणसे उभी असतील तेव्हाच तो मुकादमाला ‘थांबा’ म्हणू शकेल. ती शंभर माणसे उभी करणे हे आपले काम आहे.